शेऱ्याचा रकाना

कोताचं दार सकाळी सातला उघडतं.
दोन कुलपं, दोन किल्ल्या, दोन माणसं:
एक मी, एक गार्डवरचा भंडारे.
आत तेलाचा तो वास,
जो घरी जेवताना घासाबरोबर येतो.
लोक म्हणतात, सांगलीला हळदीचा वास आहे.
असेल. बावीस वर्षांत मला आला नाही.

आज नव्या पेट्या आल्यात, पिस्तुलं मेणकागदात.
जुनी एकशे चौदा जमा करून घ्यायची.
परिपत्रकात कारण एका ओळीचं:
सुरक्षिततेच्या दृष्टीने.
कुणाच्या, ते लिहिलेलं नाही.

विटा, पलूस, कवठेमहांकाळ, रांग पार झाडापर्यंत.
बक्कल नंबर? मॅगझीन काढा. स्लाइड मागं. चेंबर दाखवा.
मी करंगळी घालून बघतो,
कोताचा माणूस नुसत्या डोळ्यावर जात नाही.
आटपाडीचा खरात म्हणतो,
"आण्णा, सहा महिनं रात्री ह्याचं तोंड भिंतीकडं करून ठेवत हुतो.
घरात रांगतं पोर हाय."
तो हसतो. मागचं कुणी हसत नाही.
म्हणजे सगळ्यांना माहीत होतं.

गेल्या वर्षी, जत ठाण्यात, रात्री पावणेदहाला
नीलावती वाघमोडे डबा उघडत होती.
झाकण घट्ट बसलेलं.
पट्ट्याचं बटण सुटलं, पिस्तूल फरशीवर पडलं
आणि आपलं आपण उडालं.
गोळी पोटरीतून गेली, तिजोरीच्या पायात अडकली.
झाकण तेव्हाही उघडलं नव्हतं.

चौकशीत एक शब्द आला: निष्काळजीपणा.
एक वेतनवाढ गेली.
बरी होऊन आली तर बदली, उमदीला.
पिस्तुलाच्या बदलीला अजून अकरा महिने होते.

ते तपासणीला माझ्याकडं आलं तेव्हा
मी नुसत्या कॅपचं काडतूस भरलं,
कमरेच्या उंचीवरून रबराच्या तुकड्यावर सोडलं.
मिरजेचा सतारमेकर जवारी लावताना
मान तिरकी करून ऐकतो,
तसा मी घोड्याची खाच ऐकत होतो.
पहिल्यांदा काही नाही. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा नाही.
सातव्यांदा कॅप फुटली.
बोट नाही, माणूस नाही, फक्त पडणं.
अहवाल लिहिला. अहवाल वर गेला.
वर म्हणजे नक्की कुठं,
हे मला अजून कुणी दाखवलेलं नाही.

चारच्या एसटीनं ती आली, शेवटची.
चालताना डावा पाय जरा उशिरा उचलते.
मी नवं पिस्तूल पुढं केलं, सहीसाठी वही फिरवली.
तिनं पेन घेतलं नाही.
"आधी पाडून दाखवा."

भंडारेनं माझ्याकडं बघितलं.
नवं कोरं सरकारी हत्यार.
मी रबराचा तोच तुकडा काढला,
कॅपचं काडतूस भरलं, सोडलं.
एक. दोन. ती मोजत होती, ओठ न हलवता.
सातव्यांदा तिनं डोळे मिटले.
काही झालं नाही.
"अजून एकदा," ती म्हणाली.
आठव्यांदाही नाही.

मग सही केली, पूर्ण नाव, वळणदार.
पिस्तूल लावलं, बटण दोनदा ओढून बघितलं.
दारात थांबली.
"हत्यार जमा झालं आण्णा. तो शब्द कुठं जमा करायचा?"
माझ्याकडं त्याची पावती नव्हती.

ती गेल्यावर मी जमेची वही पुन्हा उघडली.
शेऱ्याचा रकाना छोटा असतो,
गंज, ओरखडा, मुठीला तडा, एवढ्यापुरता.
तिच्या जुन्या नंबरासमोर लाल शाईनं लिहिलं:
दोन्ही हात झाकणावर होते.

भंडारेनं वाचलं.
काही बोलला नाही.
त्याच्याकडची किल्ली फिरवली,
मग मी माझी.